लाडूचं जेवण: जिवंत उंदीर की फ्रीझरमधला?

गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. साप मेलेला उंदीर तोंडात धरतच नाही, मग जिवंतच देत राहू का? तिघांकडेही बॉल पायथॉन, म्हणजे आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर. आमच्या डॅलसकडे तो सहज मिळतो आणि मुलं हट्ट धरतात तीही बहुधा त्याच्यासाठीच. आमचा आता पाच वर्षांचा झाला. घाबरला की डोकं आत घेऊन गोळा होऊन बसतो, म्हणून लेकाने नाव ठेवलं लाडू. पहिले सात महिने तो फक्त जिवंत खायचा, आता फ्रीझरमधलं खातो. दोन्ही करून झालंय, म्हणून लिहायला बसले.

जिवंत उंदराची जमेची बाजू एकच, पण ती मोठी आहे: साप खातो. ऊब, वास, हालचाल, सगळं आयतं असतं. आफ्रिकेतून, म्हणजे घाना, टोगो, बेनिनकडून आलेल्या सापाला मेलेलं खाणं माहीतच नसतं, त्याला सुरुवातीला हेच द्यावं लागू शकतं. बाकी सगळा तापच. दर आठवड्याला दुकानाची फेरी, खोक्यात रात्रभर खुडबुड, आणि लेकाने उंदराला नाव ठेवलं की संपलंच. दुकानात नेमका हव्या त्या आकाराचा उंदीर मिळेल याचीही खात्री नाही.

खरा धोका मात्र दातांचा. भूक नसली की बॉल पायथॉन उंदराकडे ढुंकून बघत नाही, आणि उंदराला भूक लागली की तो सापालाच कुरतडतो. साप पळत नाही, उलटून चावतही नाही, गोळा होऊन पडून राहतो. आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे असा एक बघितला. रात्री उंदीर आत सोडून मालक झोपले होते. सकाळी पाठीवर हाताच्या पंजाएवढ्या भागात खवले नव्हते, खालचं लाल मांस उघडं पडलं होतं. तेव्हा जिवंत देणारच असाल तर समोर बसून राहा, आणि पंधरा-वीस मिनिटांत घेतला नाही तर उंदीर बाहेर काढा.

उंदराचं काय, हा प्रश्नही आहेच. ब्रिटनचा २००६चा प्राणीकल्याण कायदा सापाइतकाच उंदरालाही लागू होतो, त्यामुळे तिकडे जिवंत देणाऱ्याकडे लोक बऱ्या नजरेने बघत नाहीत.

फ्रीझरमधला उंदीर चावत नाही, एका आकाराचे पंचवीस एकदम आणता येतात, स्वस्त पडतात. गोठवल्याने बरेच परजीवी मरतात. साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जंतू, मात्र मरत नाही. म्हणून वेगळा झाकणाचा डबा, वेगळं भांडं, आणि नंतर साबणाने हात. आमचा डबा मोदकाच्या सारणापासून दोन कप्पे खाली आहे, आणि तो कप्पा सासूबाई उघडत नाहीत.

आता नकाराचं. माझ्या अनुभवात साप ‘मेलेला’ म्हणून नाकारत नाही, ‘थंड’ म्हणून नाकारतो. बॉल पायथॉनच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला उष्णता कळते. अंधारात त्याच्या लेखी उंदीर म्हणजे एक गरम ठिपका. नळाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवलेला उंदीर वरून मऊ लागतो आणि पोटात बर्फ असतो. मी उलटी चूकही केली आहे: घाईत उकळतं पाणी ओतलं, पोट फुटलं, आणि बाथरूमचा वास दोन दिवस गेला नाही. मायक्रोवेव्हचा तर विचारही नको.

जमलं ते असं. आदल्या रात्री उंदीर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. दुसऱ्या संध्याकाळी पिशवीत घालून गरम पाण्यात, डोकं ३८ ते ४० अंशांवर येईपर्यंत. पिस्तुलासारखं दिसणारं थर्मामीटर मिळतं, ते घ्याच. मग पुसून कोरडा करायचा, दिवे मंद करायचे, लांब चिमट्याने कमरेला धरून सापाच्या बाजूने हळू न्यायचा. तोंडावर आपटायचा नाही. लाडूने पहिल्यांदा घेतला तेव्हा आधी जीभ बाहेर-आत, बाहेर-आत, मग मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळली, आणि फटकन विळखा बसला. त्या क्षणी चिमटा सोडून पुतळा व्हायचं. मी आनंदाने ओरडले आणि त्याने उंदीर टाकून दिला.

नाहीच घेतला तर लपायच्या खोक्याच्या तोंडाशी ठेवा, सकाळी फेकून द्या. पुन्हा गोठवायचा नाही. पुढचा प्रयत्न आठवड्याने, रोज नाही. मधली पायरी हवी असेल तर ताजा मारलेला उंदीर देऊन बघा, किंवा गोठवलेला उंदीर जिवंत उंदरांच्या पिंजऱ्यातल्या भुशात घोळवा. डोळे निळसर झाले असतील, म्हणजे कात टाकायची वेळ आली असेल, तर थांबा. साप ठेवतो त्या टाकीची गरम बाजू ३१-३२ अंशांना नसेल तर आधी ती दुरुस्त करा. मोठा बॉल पायथॉन हिवाळ्यात महिनोन्‌महिने उपास करतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करत राहा. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टर.

अजून साप घेतलेलाच नसेल तर सरळ कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेतला एक बिनविषारी साप, घ्या. तो बहुधा पहिल्या दिवसापासून मेलेला खातो. बॉलच हवा असेल तर दुकानदाराला तुमच्यासमोर गोठवलेला उंदीर खाऊ घालायला सांगा. टाळाटाळ केली तर दुसरं दुकान. पुण्या-मुंबईतून वाचणाऱ्यांसाठी: धामण, मांडूळ, आपला अजगर पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथॉनसारख्या परदेशी सापाचीही सरकारकडे नोंदणी लागते.

आणि चिमटा नवा घ्या, फूटभर लांब. आमच्याकडे पहिल्या दिवशी पापड भाजायचा चिमटा वापरला होता. तो स्वयंपाकघरात परत आला नाही.