गन कंट्रोलर घ्यायचाय? आधी मान कोण वळवणार ते बघा

भाच्याचा फोन आला, मामा मला कॉल ऑफ ड्यूटीसाठी बंदुकीवाला कंट्रोलर पाहिजे, कुठला घेऊ? आता बंदूक म्हटलं की आमच्या पिढीला डक हंट आठवतो, मी तर टीव्हीला नळी टेकवूनच बदकं मारायचो. ती माळ्यावरची काढू नकोस म्हटलं, एलईडी टीव्हीवर चालत नाही. चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, तो बंदुकीतल्या सेन्सरला दिसला की बदक खाली. हे सगळं जुन्या डब्बा टीव्हीच्या टायमिंगवर, नवा टीव्ही चित्र दाखवायला जरा उशीर करतो आणि तेवढ्यात खेळ खल्लास.

आजच्या टीव्हीवर चालणाऱ्या बंदुकांत सिंडन आणि गनफोरआयआर. सिंडनमध्ये कॅमेरा असतो, सॉफ्टवेअर गेमभोवती पांढरी चौकट काढतं आणि ती बघून नेम कुठे ते कळतं. गनफोरआयआरला टीव्हीभोवती चार आयआर (इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा प्रकाश देणारे) एलईडी लावायचे, बाकी जोडणी स्वतः करायची, सोल्डरिंग येत असेल आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक दिवस घालवायची तयारी असेल तर मजा आहे. मित्राची सिंडन घरी आणून बघितली, पण आमच्याकडे ४३ इंची टीव्ही, समोर दिवाण आणि दिवाणामागे लगेच भिंत, कॅमेऱ्याला अख्खी चौकट दिसायला मागे सरकावं लागतं आणि मी सरकणार कुठे, किचनमध्ये? शेवटी दिवाणावर उभा राहून खेळलो, बायको बघतच राहिली.

पण खरी अडचण जागेची नाहीच. टाइम क्रायसिस किंवा हाऊस ऑफ द डेडमध्ये गेम स्वतः चालतो, आपण फक्त नेम धरायचा, तिथे ही बंदूक म्हणजे स्वर्ग. कॉल ऑफ ड्यूटीत नेम कायम स्क्रीनच्या मधोमध असतो आणि आपण वळवतो ती मान. बंदूक सांगते "मी या कोपऱ्याकडे रोखलेय", गेम विचारतो "ते ठीक, पण वळू किती?" मग सेटिंगमध्ये जुगाड करत बसा, आणि पाठीमागून कोणी आला की मेलात.

बंदुकीच्या आकाराचे, आतून साधा गेमपॅड असलेले कंट्रोलर पण मिळतात. त्यात नेम अंगठ्यानेच, म्हणजे बंदूक फक्त शो. प्लेस्टेशनचा शार्प शूटर २०११ चा, हाताची हालचाल ओळखणारा मूव्ह कंट्रोलर त्यात बसवायचा, पीएस३ वर किलझोन ३ या गेमला मस्त, पण आता त्यासाठी जुना कन्सोल सांभाळा. प्लेस्टेशनचाच एम (Aim) कंट्रोलर २०१७ चा, पहिल्या पीएसव्हीआरसाठी, म्हणजे प्लेस्टेशनच्या डोक्याला लावायच्या व्हीआर हेडसेटसाठी, नंतरच्या पीएसव्हीआर२ वर चालत नाही, सेकंडहँड स्वस्त दिसला तरी हे लक्षात ठेवा. आणि मोबाईल अडकवायची ती ब्लूटूथ बंदूक, ती मी घेतलेय, दुकानदार म्हणाला सगळे गेम चालतात, घरी आणल्यावर कळलं की तिच्याच दोन-तीन ॲपवर चालते. आता शेजारचा पोरगा तोंडाने ठाँय ठाँय करत तिच्याशी खेळतो.

एफपीएसमध्ये, म्हणजे कॉल ऑफ ड्यूटीसारख्या पात्राच्या डोळ्यांनी बघत खेळायच्या शूटिंग गेममध्ये, बंदूक खरंच शोभते ती व्हीआरमध्ये, कारण तिथे मान आपलीच वळते. क्वेस्ट हा व्हीआर हेडसेट असेल तर प्लास्टिकचा गनस्टॉक घ्या, दोन्ही कंट्रोलर त्यात बसतात, दस्ता खांद्याला टेकतो आणि हात थरथरत नाही. फक्त रिलोडला एक कंट्रोलर उपसून परत बसवायचा, पहिले दोन दिवस शिव्या येतात. आणि डोक्यावरचा पंखा सांभाळा.

भाच्याकडे व्हीआर नाही, पीसी आहे. त्याला ड्युअलसेन्स, म्हणजे पीएस५ चा गेमपॅड घ्यायला लावला, पीसीवरच्या स्टीम ॲपमध्ये त्यातला जायरो (पॅड किती फिरवला ते ओळखणारा सेन्सर) माऊससारखा लावून दिला, नेम धरायचं एल२ बटण दाबलं तरच चालू. मोठं वळण स्टिकने, बारीक नेम मनगटाने. आठवडाभर कुरकुरला, मामा ही बंदूक कुठाय. परवा भेटला तर तोच मला सेन्सिटिव्हिटी किती ठेवायची ते शिकवत होता.