फोंड्यातलं पाळीव प्राण्यांचं दुकान: प्राणी निरोगी, पाट्या चुकीच्या

फोंड्याच्या बाजारातल्या या दुकानातून भाचीसाठी ससा घेतला. पिंजरे स्वच्छ, पाणी ताजं, मालक घाई न करता प्राणी हाताळू देतात. त्याबद्दल पूर्ण गुण.

तक्रार एकच, पण मला ती मोठी वाटते. पांढरा दिसेल त्या प्रत्येक प्राण्यावर 'अल्बिनो' अशी पाटी आणि वर जादा किंमत. निळ्या डोळ्यांच्या सशावरसुद्धा! अल्बिनो सशाच्या शरीरात मेलॅनिन, म्हणजे कातडी, केस आणि डोळ्यांना गडद रंग देणारं द्रव्य, तयारच होत नाही. बुबुळातही रंग नसतो, त्यामुळे आतल्या रक्तवाहिन्यांचा लालसर गुलाबी रंग दिसतो. निळ्या किंवा काळ्या डोळ्यांचा ससा नुसता पांढरा. पांढरा वाघही अल्बिनो नव्हे. त्याचे डोळे निळे असतात आणि पट्टे गडद. पक्ष्यांत जरा जपून बघावं लागतं. लुटिनो कॉकाटील या फिकट पिवळ्या, तुरेवाल्या छोट्या पोपटामध्ये मेलॅनिन नसतं, डोळे लाल असतात, तरी तुरा पिवळा आणि गाल नारिंगी, कारण ते रंग मेलॅनिनचे नाहीतच.

हा नुसता नावाचा वाद नाही. अल्बिनो प्राण्याची नजर कमजोर असते, प्रखर उजेड त्याला सोसत नाही, आणि इथे लाल डोळ्यांच्या सशाचा पिंजरा दारात, थेट उन्हात होता. सांगितल्यावर मालकांनी तो लगेच आत घेतला, हे आवडलं. पाट्या मात्र तशाच आहेत.

ससा घ्यायला जरूर जा. आधी डोळे बघा, निळे किंवा काळे असतील तर 'अल्बिनो' म्हणून जादा पैसे देऊ नका.