"हँडल एक खाच आत घ्या"

विकेटकीपिंग करताना सीझन बॉल डाव्या करंगळीवर बसला आणि मुळाजवळचं हाड मोडलं. चार आठवड्यांनी पट्टी निघाली. हाड जुळलं होतं, पण मूठ वळेना. करंगळी-अनामिकेवाचून पकडीत जोर येत नाही, हे बाइकचा क्लच दाबताना कळलं.

रोज फिजिओकडे कोण खेटे घालणार? म्हणून मोबाइलवरच्या '२१ दिवसांत पूर्वीसारखी पकड' या जाहिरातीला फोन केला. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रे मागवला आणि दहा मिनिटांत 'डॉक्टरां'चा फोन आला. "दादा, शीर आखडत चाललीय. उशीर केलात तर बोट वाकडंच राहील." मी घाबरलो. ४,९९९ रुपये आगाऊ भरले. तेल, स्प्रिंगचा ग्रिपर आणि पकड मोजायचा डिजिटल मीटर घरी आला. मीटरच्या हँडलला पकड रुंद-अरुंद करायच्या खाचा होत्या.

खरी मेख मीटरमध्ये होती. पहिलं माप सकाळी उठल्या उठल्या, बोटं ताठ असताना घ्यायला लावलं. १२ किलो. पुढच्या आठवड्यात संध्याकाळी, हात कोमट पाण्यात शेकून, वर "हँडल एक खाच आत घ्या." १६. मग आणखी एक खाच. १९! आकडा चढतोय म्हटल्यावर मी खुशीत ८,५०० रुपयांचं 'पुढच्या टप्प्याचं' यंत्रही घेतलं. क्लच मात्र तेवढाच जड, आणि रात्री बोट ठणकायचं. सूज आलीय म्हटलं, तर उत्तर काय, "म्हणजे रक्त वाहायला लागलंय."

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे हात पुन्हा कामाला लावायचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो. त्यांनी कोपर अंगाजवळ, ९० अंशांत ठेवायला लावलं. हँडल एकाच खाचेवर, तीनदा दाबून सरासरी. ११ किलो. उजव्या हाताचे ३८. "मीटर बरोबर आहे हो, मोजणं खोटं होतं. खाच बदलली की आकडा बदलतोच." ग्रिपर त्यांनी बाजूला ठेवायला लावला. आधी बोटं हुकासारखी वळवायची, मग सपाट मूठ, मग पूर्ण मूठ. सूज उतरल्यावर व्यायामाची कणकेसारखी मऊ पुट्टी दाबायची.

त्या 'डॉक्टरां'ना नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हापासून नंबर बंद. महाराष्ट्रात फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी असते. पैसे भरण्याआधी एवढं विचारायचं मला सुचलं नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवलं तेही महिन्याने, म्हणजे पैसे पुढे सरकल्यावर. १९१५ वर ग्राहक तक्रार टाकलीय, अजून हाती काही नाही.

मीटर मात्र ठेवलाय. दुसऱ्या खाचेवर एम-सील लावून हँडल पक्कं केलंय. काल २३ आले.