प्रीव्ह्यू बटण की मिररलेस? मागचं किती स्पष्ट येणार हे आधी बघायचं असेल तर

समोर बायको-मुलं, मागे तळ्यातलं सिद्धेश्वराचं मंदिर. सोलापुरात हा फोटो कुणी काढला नाही? पण मागचं मंदिर किती स्पष्ट येणार, हे क्लिक करण्याआधी कळायला हवं, म्हणून जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) घ्यावा की मिररलेस (आरशाशिवायचा)?

एफचा आकडा मोठा, तर लेन्सचं भोक लहान आणि मागचं जास्त स्पष्ट. पण डीएसएलआरमध्ये तुम्ही एफ ११ लावलं, तरी बघताना लेन्स पूर्ण उघडीच असते. भोक लहान करणारी पाती मिटतात ती फोटोच्या क्षणी. त्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) धूसर दिसलेलं मंदिर फोटोत चांगलं ठसठशीत येतं. लेन्स बसते त्या माउंटजवळचं प्रीव्ह्यू बटण दाबलं की पाती आधीच मिटतात. मात्र एफ २.८ वरून एफ ११ म्हणजे उजेड सोळाव्या हिश्श्यावर. दुपारी चालतं, दिवेलागणीला डोळे फोडून बघावं लागतं. ५० एमएम एफ १.८ लेन्स लावली तर उलटा घोळ: बहुतेक फोकसिंग स्क्रीन (व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र पडतं ती काच) एफ २.८ च्या आसपासच अडतात, म्हणून फोटोत पार्श्वभूमी दिसली होती त्याहून जास्त विरघळते. आणि निकॉन डी३५०० सारख्या सुरुवातीच्या मॉडेलवर हे बटणच नाही!

बटण दाबून लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट चित्र) वापरला तर स्क्रीन उजळ राहते. पण एप्रिल-मेच्या उन्हात किल्ल्याच्या तटाशी उभं राहून बघा, स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं.

मिररलेसचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर (आत छोटी स्क्रीन असलेला) इथे सरळ बाजी मारतो. तरी सगळे सारखे नाहीत. सोनीत लाइव्ह व्ह्यूचा इफेक्ट चालू असेल तर लावलेल्या अ‍ॅपर्चरवरच (भोकाच्या मापावर) दिसतं. निकॉनची झेड मालिका पाती एफ ५.६ पर्यंतच मिटवून दाखवते, पुढचं बटणावर. कॅननमध्ये बहुधा बटण किंवा मेन्यूतलं सिम्युलेशन लागतं.

फुकटचा मार्ग आकड्यांचा. एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५० एमएम लेन्स, माणूस २ मीटरवर: एफ १.८ ला जेमतेम ११ सेंटिमीटर स्पष्ट, एफ ८ ला साधारण अर्धा मीटर. १८ एमएम, एफ ८, फोकस २ मीटरवर ठेवला तर १ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं. मंदिर असं सापडतं. एक फोटो काढून झूम करून पाहणं हाही उपाय आहे, पण झूम करायचाच. तीन इंचांवर सगळंच स्पष्ट वाटतं.

माझं मत विचाराल तर गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) निघाले की पुन्हा झूम करून बघायला कोण थांबतं? तिथे आणि लग्नांत मिररलेस. किल्ला, तळं, चादरींचे फोटो एवढंच काम असेल तर वापरलेला डीएसएलआर पुरे, वाचलेल्या पैशांत ट्रायपॉड येईल.

वापरलेला घेताना दुकानात एफ ११ लावा, बटण दाबून धरा आणि समोरून लेन्समध्ये डोकावा. पाती मिटून छोटं भोक दिसलं तर बटण चालू आहे.