प्रमेय सिद्ध करायचं, की नुसतं नाव लिहायचं?

लातूरला शिकवणीसाठी बीड-परभणीकडून आलेली मुलं बोर्ड, सीईटी आणि ऑलिंपियाड अशा तिन्हींची तयारी एकाच वहीत करतात. एका परीक्षेची सवय दुसरीत मार्क घालवते, म्हणून हा फरक आधीच समजून घ्या.

सीईटीत गणिताचे 50 प्रश्न, 90 मिनिटं आणि फक्त पर्याय निवडायचा. सूत्र आठवलं की लावा आणि पुढे चला.

खरी अडचण बोर्डात. दहावीच्या भूमितीत समजा त्रिकोणाच्या बाजू 7, 9 आणि 8 आहेत, नि 8 च्या बाजूवरची मध्यगा काढायची आहे. मध्यगा म धरा: 7² + 9² = 2म² + 2×4², म्हणजे म² = 49, म = 7. इथे वापरलेलं अपोलोनियसचं प्रमेय (दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज = मध्यगेच्या वर्गाची दुप्पट + तिसऱ्या बाजूच्या निम्म्याच्या वर्गाची दुप्पट) सिद्ध करत बसू नका, पण पायरीसमोर कंसात त्याचं नाव लिहाच. काही मुलं लंब टाकून पायथागोरसने सगळं पहिल्यापासून करतात. चूक काहीच नाही, पण 40 मार्कांच्या पेपरला दोनच तास असतात.

मात्र ‘अपोलोनियसचे प्रमेय सिद्ध करा’ असंच विचारलं, तर गणित पालटतं. स्टुअर्टच्या प्रमेयात (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवरच्या कुठल्याही बिंदूपर्यंतची लांबी देणारं सूत्र) मध्यबिंदू घातला की हे प्रमेय लगेच हाती येतं, पण म्हणून तेवढ्यावर मोकळं होऊ नका. तो परीक्षकाचा प्रश्न टाळणं झालं. पक्ष, साध्य, लंबाची रचना, सगळं लिहा. अकरावीत लिमिटला लोपितालचा नियम (0/0 आलं की अंश आणि छेदाचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं) लावतात तिथेही हीच गल्लत होते. शून्याजवळ साइन एक्स भागिले एक्सचं लिमिट त्या नियमाने काढलं, तर साइनचं डेरिव्हेटिव्ह लागतं, आणि ते मुळात याच लिमिटवरून काढलेलं असतं, म्हणजे जे दाखवायचं तेच गृहीत धरलं जातं.

ऑलिंपियाडच्या आरएमओत (प्रादेशिक फेरीत) उत्तरापेक्षा युक्तिवाद तपासतात, आणि मुलं घाबरून नको तेही सिद्ध करतात. तिथे स्टुअर्ट नावानिशी खुशाल वापरा. एएम-जीएम (सरासरी भूमितीमध्यापेक्षा कमी नसते, ही असमानता) लावताना संख्या धन आहेत हे आधी लिहा. किमान किंमत काढायची असेल तर समानता कधी येते तेही दाखवा. एखाद्या जुन्या पुस्तकात सापडलेला, कुणाला फारसा माहीत नसलेला निष्कर्ष मात्र सिद्ध करूनच वापरा. शंका वाटली तर सिद्धता जोडा. दोन धन संख्यांच्या एएम-जीएमसाठी (√अ − √ब)² ≥ 0 उलगडायला अर्धं मिनिट पुरतं.