नऊ महिने, चौदाशे गोळ्या आणि तीनशे डॉलरचं पिस्तूल

सुरुवातीलाच सांगतो, मी काही बंदूकवाला माणूस नाही. कोल्हापुरात कॉलेजला असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये पालथं पडून .२२ च्या रायफलने पाच गोळ्या झाडल्या होत्या, त्यातल्या दोन शेजारच्या पोराच्या टार्गेटवर गेल्या, एवढाच आपला पूर्वानुभव. त्यानंतर थेट ह्यूस्टन. इथे एच-वन-बी वर होतो तोवर विषयच नव्हता, कारण तात्पुरत्या वर्क व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक घेता येत नाही (शिकारीचं लायसन असलं तर वगैरे अपवाद आहेत पण त्या भानगडीत कोण पडतंय). ग्रीन कार्ड आल्यावर वर्षभर नुसतं यूट्यूब बघण्यात गेलं आणि मग एका शनिवारी जाऊन रुगर कंपनीचं सिक्युरिटी-९ पिस्तूल घेऊन आलो.

का हेच, तर बजेट. तीनशे-साडेतीनशेच्या आत नवीन ९ एमएम हवं म्हटलं की काउंटरवर साधारण तीच तीच नावं पुढे येतात, टॉरसचं जी३सी, स्मिथ अँड वेसनचं एसडी९, रुगर. सगळी हातात धरून बघितली. कागदावर फरक शोधत बसण्यापेक्षा हे करा, खरंच. माझा पंजा मध्यम आहे आणि रुगरची ग्रिप हातात अशी बसली की बाकीची परत उचलावीशी वाटली नाहीत. मॅगझिन (ग्रिपमध्ये सरकवायची गोळ्यांची डबी) १५ गोळ्यांचं, बॅरल ४ इंची, रिकामं असताना वजन पाऊण किलोच्या आत. बंदूक घेताना भरायचा ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म भरला, त्यांनी बॅकग्राउंड चेक केला, वीस मिनिटांत डबा हातात. आपल्याकडे ९ एमएम म्हणजे प्रोहिबिटेड बोअर (बंदी असलेल्या मापाची नळी), साध्या लायसनवर मिळतच नाही, आणि इथे मी ते चिकन आणल्यासारखं पिशवीत घालून घरी आणलं. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "खंडेनवमीला पूजेत ठेवणार आहेस का रे ते?" नाही ठेवलं, लॅपटॉप आणि गाडीची किल्ली ठेवली.

आता रेंजचा पहिला दिवस. इनडोअर रेंजमध्ये शेजारच्या लेनवर कोणी मोठ्या बोअरचं काही झाडलं की छातीत धप्प होतं, नुसत्या मफ्सने (हेडफोनसारखे कान झाकणारे) भागत नाही, कानात प्लग घालून वरून मफ्स लावा. टार्गेट ७ यार्डावर, म्हणजे आपल्या हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एवढंच अंतर, आणि मला वाटलं एवढ्या जवळून काय चुकणार. पंधराच्या पंधरा गोळ्या मधल्या गोलाच्या खाली डावीकडे, तेही अंगावर गोवर उठल्यासारख्या पसरलेल्या. त्यात दुसऱ्या मॅगझिनला तिसऱ्याच गोळीला रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्ये (पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग) उभी अडकली, चिमणीसारखी. याला इथे स्टोव्हपाइप म्हणतात हे मला नंतर कळलं. मी काय करावं? पिस्तूल हातात तसंच धरून मागे वळलो, रेंज ऑफिसरला दाखवायला. तो म्हातारा दोन ढांगांत आला, माझं मनगट धरून पिस्तूल परत समोर टार्गेटकडे वळवलं, आणि मग शांतपणे म्हणाला की अडकलेलं असो नाहीतर रिकामं असो, नळीचं तोंड फक्त तिकडे. पूर्ण लेन माझ्याकडे बघत होती. कान लाल झाले माझे, पण ते एकदा झालं ते बरं झालं, परत कधी ती चूक झाली नाही.

पहिल्या दीडशे गोळ्यांत असे पाच स्टोव्हपाइप झाले आणि मी घरी येऊन बायकोला सांगितलं की स्वस्तातलं घेतलं आणि फसलो. शिवाय शेवटची गोळी गेल्यावर स्लाइड मागे उघडी राहायला पाहिजे ती राहतच नव्हती, दर वेळी बंद. कंपनीला ईमेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवली होती, चांगली कडक.

दोन्ही गोष्टी माझ्याच निघाल्या. ही बहुतेक सगळी ९ एमएम ज्या पद्धतीवर चालतात ती ब्राउनिंग साहेबाची, धक्क्याने बॅरल आणि स्लाइड थोडं अंतर एकत्र मागे जातात, मग बॅरल मागून खाली झुकून सुटते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते, पुंगळी फेकते, नवीन गोळी ओढते. आता स्लाइड मागे जायला खालची फ्रेम जागेवर ठाम पाहिजे ना. माझं मनगट एवढं ढिलं की फ्रेमच स्लाइडबरोबर मागे चाललेली, मग स्लाइडला पुरता प्रवास मिळत नाही आणि पुंगळी मधेच चिमटते. त्याच म्हाताऱ्याने माझ्या हातातलं पिस्तूल घेऊन माझ्याच गोळ्या, माझंच मॅगझिन, पंधरा झाडल्या, एक अडकली नाही. आणि स्लाइड उघडी का राहत नव्हती तर यूट्यूबवर बघून दोन्ही अंगठे पुढे ठेवायची जी स्टाइल मी उचलली होती त्यात माझा उजवा अंगठा बरोबर स्लाइड स्टॉपवर (स्लाइड उघडी अडवून ठेवणारी खिट्टी) दाबून बसलेला. अंगठा तिथून बाजूला घेतला, संपलं. ईमेल डिलीट.

याचा अर्थ असा नाही की स्वस्त पिस्तूल कधी बिघडत नाही. ऑफिसमधल्या मित्राने माझ्याहीपेक्षा स्वस्तातलं दुसऱ्या एका कंपनीचं घेतलं, नाव घेत नाही, त्याला पहिल्या दिवसापासून बार उडवणारी पिन गोळीवर हलकी बसायची, म्हणजे ट्रिगर ओढा आणि नुसतं टक. चार जणांनी झाडून बघितलं, गोळ्या बदलल्या, तरी तेच. शेवटी कंपनीकडे परत पाठवलं, दीड महिन्याने आलं आणि आता ठीक चालतंय. म्हणून माझं मत असं की नवीन घेतलं की पहिल्या दोनशे गोळ्यांची वही ठेवा, कुठल्या मॅगझिनला, कितव्या गोळीला, कोणाच्या हातात काय झालं. आणि कंपनीला शिव्या घालायच्या आधी एकदा ज्याला येतं त्याच्या हातात देऊन बघा.

खाली डावीकडे जाणाऱ्या गोळ्यांचं प्रकरण जास्त चिवट निघालं. याच मित्राने माझ्या मॅगझिनमध्ये मला न सांगता मधेमधे प्लॅस्टिकच्या खोट्या गोळ्या भरल्या. बार उडणार म्हणून मी ट्रिगर ओढला, आत खोटी गोळी, आवाज नाही, धक्का नाही, आणि नळीचं तोंड मात्र चांगलं दोन इंच खाली गेलेलं मला माझ्या डोळ्यांनी दिसलं. धक्का यायच्या आधीच मी घाबरून हात खाली ढकलत होतो. फार अपमानास्पद वाटतं ते बघताना पण यापेक्षा चांगला मास्तर नाही. तेव्हापासून रोज रात्री दहा मिनिटं घरी सराव, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत, पिस्तूल तीनदा तपासून, खोटी गोळी घालून, पुढच्या साइटजवळ स्लाइडवर एक क्वार्टर ठेवायचा आणि तो न पडता ट्रिगर ओढायचा. पहिल्या आठवड्यात नाणं सारखं कार्पेटवर. आता दहातून आठ-नऊ वेळा राहतं.

ट्रिगरबद्दल बोलायचं तर हे पिस्तूल स्ट्रायकरचं (स्प्रिंगने थेट पुढे झेपावणारी पिन) नाही, आत लपलेला हॅमर (पिनवर आपटणारी हातोडी) आहे, त्यामुळे ओढ जरा लांब लागते आणि सुटल्यावर परत पकडायला बोट बरंच पुढे सोडावं लागतं. रेंजवर ग्लॉक १९ भाड्याने घेऊन पाठोपाठ झाडलं, तिथे ते लगेच जाणवतं, पटापट दोन-तीन गोळ्या मारताना ग्लॉक सोपं जातं. पण ७ यार्डावर दोन्हीची कागदं शेजारी लावली तर कुठलं कशाचं ते मला ओळखता आलं नाही. १५ यार्डावर ग्लॉकचा घोळका (कागदावरच्या भोकांचा पुंजका) थोडा लहान. त्या थोड्यासाठी दोनेकशे डॉलर जास्त द्यायचे का हे ज्याचं त्याने ठरवावं, मी तेवढ्याच्या गोळ्या घेतल्या असत्या आणि घेतल्याच.

कारण खरा खर्च तिथेच आहे मंडळी. ११५ ग्रेन वजनाची साधी पितळी पुंगळीची गोळी, ५० चा बॉक्स मला १४ डॉलरच्या आसपास पडला. नऊ महिन्यांत २८ बॉक्स म्हणजे चारशेला आठ कमी. चौदा वेळा रेंज, दर वेळी २० डॉलर लेनचे, ते २८०. म्हणजे पिस्तुलाच्या दुप्पट पैसे पिस्तूल चालवण्यात गेले. मधे एकदा शहाणपणा करून स्टीलच्या पुंगळीच्या स्वस्त गोळ्या ऑनलाइन मागवल्या तर रेंजवर त्यांनी लोहचुंबक लावून बघितलं आणि आत नेऊ दिल्या नाहीत, त्या अजून कपाटात पडून आहेत.

मॅगझिन भरणं हा एक वेगळाच व्यायाम. स्प्रिंग नवीन असताना शेवटच्या दोन-तीन गोळ्या अंगठ्याची साल काढतात, सोमवारी स्पेसबार दाबताना आठवण यायची. तीस-पस्तीस डॉलरचा लोडर मिळतो तो पिस्तुलाबरोबरच घ्या, मी तीन महिने उगाच हिरो झालो.

साफसफाईत एक गंमत. हे उघडायला बाजूची एक छोटी पिन उचकटून काढावी लागते, स्क्रूड्रायव्हरने किंवा रिकाम्या पुंगळीच्या कडेने. पिन पूर्ण सुटी होते. एका रविवारी ती माझ्या हातातून सुटली, ओट्यावर टण् करून आपटली आणि गेली. फ्रीज ओढला, त्याखाली पिन सापडली आणि लेकीचे हरवलेले लेगोचे तीन तुकडेपण. आता स्टीलच्या ताटलीत धरूनच उघडतो, पोहे खायची ताटली नव्हे, वेगळी.

वेगळी का ते महत्त्वाचं आहे. इनडोअर रेंजवर गोळीच्या प्रायमरमधून (ठिणगी पाडणारी बुडाची टिकली) आणि शिशातून जी बारीक धूळ उडते ती हाताला, कपड्याला, केसाला चिकटते आणि लहान मुलांना शिसं फार वाईट. मी रेंजवरच गार पाण्याने साबण लावून हात-तोंड धुतो, बूट गॅरेजमध्ये, कपडे सरळ मशीनमध्ये, मग लेकीला उचलतो. पिस्तूल कपाटात बोल्ट मारलेल्या तिजोरीत, गोळ्या दुसऱ्या कुलपात. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या पोराच्या हाती आपल्या निष्काळजीपणामुळे भरलेली बंदूक लागली तर तो गुन्हाच आहे. २०२१ पासून इथे परमिटशिवाय कमरेला लावून फिरता येतं, पण मी फिरत नाही, मला कागदाला भोकं पाडायला आवडतं, बस.

बायको दोनदा आली. स्लाइड ओढणं तिला जड गेलं, मग उजव्या हाताने फ्रेम पुढे ढकल आणि डाव्याने स्लाइड नुसती घट्ट धर असं सांगितल्यावर जमलं, पण दहा गोळ्यांनंतर म्हणाली हे फार आदळतं. तिला रेंजवरचं रुगर मार्क ४ भाड्याने दिलं, .२२ चं, तर पन्नासचा बॉक्स हसत हसत संपवला आणि घोळका माझ्यापेक्षा लहान. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडला २५ मीटरला गोल्ड मारलं तेपण .२२ नेच, हे मी गाडीत सांगत होतो तर ही म्हणाली, मग आपण नऊ महिने हे मोठं का वाजवत बसलोय? उत्तर नव्हतं. नवीन माणसाने .२२ नेच सुरू करावं, धक्क्याची भीती बसतच नाही, मी उलटा गेलो.

विकणार का असं विचारणार असाल तर नाही. १५ यार्डावर अजून माझा घोळका बशीएवढा आहे, वाटीएवढा व्हायचाय, आणि परवाच्या शनिवारी परत दोन खाली डावीकडे गेल्या.