एडिटरमधला प्रिव्ह्यू की लोकल सर्व्हर?

डॉक्युमेंटेशनमधलं एखादं चुकलेलं स्पेलिंग सुधारायचं असेल, तर व्हीएस कोड या एडिटरमधला मार्कडाउनचा (साध्या मजकुरात खुणा घालून लिहिण्याच्या पद्धतीचा) प्रिव्ह्यू पुरतो. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की झालं. वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. पण तो एकच फाइल दाखवतो. साइटची थीम, बाजूचा मेनू त्याच्या गावीही नसतो.

एमकेडॉक्स म्हणजे मार्कडाउन फाइल्सपासून साइट बनवणारं, पायथनवर चालणारं साधन. त्याची ‘एमकेडॉक्स सर्व्ह’ ही कमांड चालवली की आपल्याच संगणकावर लोकल सर्व्हर सुरू होतो आणि पोर्ट ८००० वर अख्खी साइट उभी राहते. फाइल सेव्ह केली की पान आपोआप ताजं होतं, आणि फाइलचं नाव बदलल्यामुळे तुटलेल्या लिंकचे इशारे टर्मिनलमध्येच मिळतात. पायथन आणि प्लगइनची जुळवाजुळव मात्र नवख्याला रडवते. आवृत्त्या जुळल्या नाहीत तर विचारूच नका. तरी मेनूला किंवा लिंकना हात लावला असेल, तर पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवण्याआधी मी सर्व्हरच चालवतो.